ओरिजिनचा कागद भरायचाय? निळे आणि मरून शेजारी शेजारी ठेवून बघा

मे महिना आला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांमधल्या रग्बी लीगच्या स्टेट ऑफ ओरिजिन मॅच जवळ आल्या, की आमच्या सिडनीतल्या पॅरामॅटाच्या ऑफिसात पँट्रीतल्या फ्रिजवर एक कागद लागतो. मधे उभी रेघ, डावीकडे निळ्या पेनने न्यू साउथ वेल्स, उजवीकडे मरून स्केचपेनने क्वीन्सलँड, आणि दोन्हीकडे खाली एक ते सतरा आकडे. टीम जाहीर व्हायच्या आधी प्रत्येकाने आपली कॉपी भरून द्यायची, बरोबर नाव बरोबर नंबरला आलं की एक मार्क, नाव आलं पण नंबर चुकला तर अर्धा, आणि सगळ्यात खाली कोण जिंकणार आणि किती पॉइंटनी ते लिहायचं. बक्षीस काय तर हरलेल्यांनी आणलेला केक. पण त्या केकसाठी लोक असे भांडतात की वाटावं कसोटीची टीम निवडायला बसलेत.

आता ऑफिसात नवीन आलेली आपली दोन-तीन मराठी पोरं दरवर्षी मला विचारतात की दादा, आम्हाला क्रिकेटमधलं कळतं, कबड्डीतलं कळतं, हे काय प्रकरण आहे आणि कुणाची नावं टाकायची. तर हे त्यांच्यासाठी. मी काही एक्स्पर्ट नाही, दोनदा शेवटून दुसरा आलोय, पण चुका कुठे होतात ते आता पाठ झालंय.

आधी दोन ओळीत खेळ. रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा माणसं, बेंचवरून आणखी चार, ऐंशी मिनिटं. बॉल हातात असताना तुम्हाला सहा पकडी मिळतात, म्हणजे समोरच्यांनी तुम्हाला सहा वेळा पाडलं की बॉल त्यांचा, म्हणून पाच वेळा पडून झालं की सहाव्या पकडीआधी बहुतेक किक मारतात. ट्रायचे, म्हणजे बॉल समोरच्यांच्या लाईनपलीकडे टेकवला की, चार पॉइंट, त्यावरच्या किकचे दोन, पेनल्टी किकचेही दोन. कबड्डी ज्याने पाहिलीय त्याला पकड वेगळी समजावून सांगावी लागत नाही, फक्त इथे चढाई करणारा परत पळून जात नाही, तो अंगावरच जातो.

आणि स्टेट ऑफ ओरिजिन म्हणजे काय, तर 'तुमचं मूळ गाव कुठलं?' हा आपला आवडता प्रश्न घेऊन यांनी अख्खी स्पर्धा उभी केलीय. पूर्वी ज्या राज्यातल्या क्लबकडून खेळता त्या राज्याची टीम असं होतं. सिडनीच्या क्लबांकडे पैसा जास्त, त्यामुळे क्वीन्सलँडची चांगली पोरं सिडनीला यायची आणि मग निळा शर्ट घालून स्वतःच्याच गावावर तुटून पडायची. ८ जुलै १९८० ला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पहिल्यांदा मूळ राज्याप्रमाणे टीम उतरवल्या, सिडनीच्या पॅरामॅटा क्लबकडून खेळणारा आर्थर बीटसन वयाच्या पस्तिशीत क्वीन्सलँडचा कॅप्टन झाला आणि क्वीन्सलँड २०-१० ने जिंकलं. १९८२ पासून वर्षाला तीन मॅच. नियमात फटीही निघाल्या म्हणा, ग्रेग इंग्लिस वाढला न्यू साउथ वेल्सच्या बोराव्हिलकडे आणि खेळला क्वीन्सलँडकडून, यावर सिडनीत आजही लोकांचा चहा थंड होतो.

सात नंबर: इथेच निम्मे मार्क जातात

सात नंबर म्हणजे हाफबॅक. बॉल कुठे जाणार, किक कधी आणि कुठे, सगळं हाच ठरवतो. सहा नंबरचा फाइव्ह-एट्थ त्याचा जोडीदार. ही जोडी चुकली की तुमचा बाकीचा कागदही हळूहळू चुकत जातो, कारण त्यांच्या बाजूला कोण खेळणार हे पुष्कळदा जोडी बघूनच ठरतं.

इथे एक ठाम समज आहे जो तुम्हाला प्रत्येकजण ऐकवेल, की क्वीन्सलँड एकदा घेतलेल्या माणसाला सोडत नाही आणि न्यू साउथ वेल्सवाले मॅच हरले की माणूस बदलतात. समज हवेतून आलेला नाही. २००६ ते २०१३ क्वीन्सलँडने ओळीने आठ सिरीज मारल्या, त्यात जॉनथन थर्स्टन २००५ च्या पदार्पणापासून एकही न चुकवता सलग ३६ मॅच खेळला, कॅमरन स्मिथच्या तर एकूण ४२ झाल्या. समोर निळ्यांकडे हाफबॅकचा नुसता संगीत खुर्चीचा खेळ. मिचेल पिअर्स बिचारा २००८ ला आला, कितीदा आत गेला बाहेर आला, आणि २०१९ च्या तिसऱ्या मॅचला नेथन क्लिअरी जखमी म्हणून तिशीत परत बोलावला तेव्हा कुठे त्याला जिंकलेली सिरीज बघायला मिळाली.

पण हा समज घेऊन आज कागद भरलात तर आपटाल. मी आपटलो. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या नऊ मॅच शेजारी मांडा. क्वीन्सलँडचा सात नंबर: पहिल्या सात मॅच डेली चेरी-इव्हान्स, शेवटच्या दोन टॉम डिअर्डन. न्यू साउथ वेल्सचा सात नंबर: क्लिअरी, मोझेस, मोझेस, हाइन्स, मोझेस, मोझेस, आणि मग तीनदा क्लिअरी. बघितलं की वाटतं झालं, समज बरोबरच आहे. पण नीट बघा, निळ्यांच्या बदलामागे सिलेक्टरांची चंचल बुद्धी कमी आणि क्लिअरीची दुखापत जास्त आहे. २०२३ ला पहिल्या मॅचनंतर त्याचा हॅमस्ट्रिंग गेला, २०२४ ची सिरीज तो खेळूच शकला नाही. जेव्हा तो धडधाकट होता तेव्हा त्याला कोणी हात लावलेला नाही.

आणि खरा निर्दय निर्णय कोणी घेतला? मरूननी. २०२५ ची पहिली मॅच ब्रिस्बेनला क्वीन्सलँड १८-६ ने हरलं, आणि त्यांचे कोच बिली स्लेटरने थेट कॅप्टनलाच, म्हणजे छत्तीस वर्षांच्या चेरी-इव्हान्सला, घरी बसवलं. सात नंबर डिअर्डनला, कॅप्टन कॅमरन मन्स्टर. आमच्या इथे रॉकहॅम्प्टनचा एक सहकारी आहे, जन्मापासून मरून, तो पँट्रीत फोन हातात धरून नुसता उभा होता, त्याने दुसऱ्या मॅचसाठी सात नंबरला चेरी-इव्हान्स टाकला होता आणि मीही, कारण 'क्वीन्सलँड सोडत नाही' ना! मग काय, पर्थला क्वीन्सलँड २६-२४ ने जिंकलं, सिडनीला २४-१२ ने जिंकलं, डिअर्डन शेवटच्या मॅचचा मॅन ऑफ द मॅच. उलट त्याच वर्षी निळ्यांचे कोच लॉरी डेली बऱ्यापैकी तीच माणसं घेऊन बसले आणि हरले.

मग कागद भरताना काय धरायचं? माझं म्हणणं असं की राज्य बघू नका, मागची मॅच कोण हरलं ते बघा. हरलेली टीम बदलते, मग ती कुठल्या रंगाची का असेना. २०२४ ला पहिल्या मॅचला ३८-१० असा मार खाल्ल्यावर निळ्यांचे तेव्हाचे कोच मायकल मॅग्वायरने मोझेस आणला, लट्रेल मिचेल आणला, आणि मेलबर्नला ३८-१८ असं उट्टं काढलं. पुढच्या वर्षी स्लेटरने तेच केलं. जिंकलेल्या टीमला दुखापत सोडून हात लागत नाही, तिथे जुनी यादी उतरवून काढली तरी पंधरा मार्क खिशात.

सहा नंबर: मोझेस की लुआई

यावर जेवढी भांडणं होतात तेवढी सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगवरून होत नसतील. क्लिअरी सातला आहे असं धरा. त्याच्या बाजूला मिचेल मोझेस घ्यायचा की जरोम लुआई?

लुआईच्या बाजूने बोलायचं तर क्लिअरी आणि तो पेनरिथला ज्युनिअर टीमपासून एकत्र खेळलेले, पेनरिथ पँथर्सने २०२१ ते २०२४ ओळीने चार वेळा प्रीमियरशिप, म्हणजे क्लबांचं विजेतेपद, घेतली ती याच जोडीवर. लुआई पायात चपळ, तोंडाने तर त्याहून, समोरच्याला डिवचून त्याचं लक्ष घालवणारा. पण २०२५ पासून तो वेस्ट्स टायगर्सला गेलाय, म्हणजे आता जोडी क्लबात रोज एकत्र खेळत नाही, जुन्या ओळखीवर चाललंय. मोझेस वेगळा माणूस, तो स्वतःच हाफबॅक, लांब किक, म्हणजे क्लिअरीवर समोरचे धावून आले तर दुसरा किकर तयार. तोटा हा की दोघांनाही बॉल हातात हवा असतो, मग पहिल्या वीस मिनिटांत कोण हाक मारतोय तेच टीमला कळत नाही अशी भीती.

आता हिशोब. २०२४ आणि २०२५ च्या सहा मॅच घ्या. मोझेस खेळला त्या तीन: मेलबर्न जिंकलो, ब्रिस्बेन जिंकलो, पुढच्या वर्षीचं ब्रिस्बेनही जिंकलो. मोझेस नव्हता त्या तीन: तिन्ही हरलो. लुआई या सहापैकी पाच मॅचला होता, त्यातल्या दोन जिंकल्या, आणि त्या दोन्हींत सातला मोझेस होता. ऐकायला एकदम पक्कं वाटतं, पण थांबा, २०२४ च्या पहिल्या मॅचला जोसेफ सुआलीला आठव्याच मिनिटाला रेड कार्ड मिळालं होतं, रीस वॉल्शच्या डोक्यावर उंच टॅकल, मग उरलेली मॅच बारा जणांनी काढली. तिथे मोझेस काय, साक्षात मारुती असता तरी काय केलं असतं. तरीसुद्धा माझा कल मोझेसकडेच, अट एकच की पोटरी, पाय, जे काही असेल ते शाबूत हवं. २०२५ च्या दुसऱ्या मॅचआधी कॅम्पमध्येच त्याची पोटरी गेली आणि लुआईला बोलावणं आलं, म्हणून कागद देताना मोझेसच्या दुखापतीची बातमी सकाळी एकदा बघूनच द्या.

मरूनकडे सहा नंबरला प्रश्नच नाही. मन्स्टर उभा राहू शकत असेल तर मन्स्टर. तो नसला की डिअर्डन सहाला सरकतो हे दोनदा झालंय, २०२२ च्या शेवटच्या मॅचला मन्स्टरला कोविड झाला म्हणून डिअर्डनचं पदार्पण झालं आणि क्वीन्सलँडने २२-१२ ने सिरीज नेली, मग २०२४ ला मन्स्टर जखमी असतानाही तोच. म्हणजे मन्स्टर नसेल तर सहा आणि सात दोन्ही चुकण्याची शक्यता, हे लक्षात ठेवून लिहा.

एकाच घरातली माणसं

कागद भरणारे नवखे लोक काय करतात, त्या महिन्यात क्लब मॅचमध्ये कोण चमकतोय ते बघून नावं टाकतात. रोहित शेट्टीच्या पिक्चरसारखे गाड्या उडवणारे ट्राय बघितले की झालं, घाल टीममध्ये. सिलेक्टर तसं बघत नाहीत. कॅम्प मिळतो जेमतेम आठ-दहा दिवसांचा, तेवढ्यात नवीन माणसांची गट्टी जमत नाही, म्हणून ते आधीच जमलेल्या गठ्ठ्यावर टीम बांधतात.

निळ्यांचा गठ्ठा पेनरिथचा. फुलबॅक डिलन एडवर्ड्स, विंगवर ब्रायन टोओ, क्लिअरी, लॉकला (तेरा नंबर) आयझाया यो, सेकंड-रोला (अकरा-बारा नंबर) लिअम मार्टिन, हे पेनरिथ, आणि लुआई, स्टीफन क्राइटन, स्पेन्सर लेनिऊ हे माजी पेनरिथ, माहेर तेच. यो बॉल घेतो तेव्हा क्लिअरी कुठे असणार हे त्याला मान न वळवता माहीत असतं. मरूनकडे एवढा मोठा एक गठ्ठा नाही, दोन छोटे आहेत: मेलबर्न स्टॉर्मचे मन्स्टर, हॅरी ग्रँट आणि झेव्हिअर कोट्स, आणि नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजचे डिअर्डन, रूबेन कॉटर, जेरमाया नानाय. म्हणजे २०२५ ला डिअर्डन सातला आला तेव्हा मधली सगळी साखळी, ग्रँट, डिअर्डन, मन्स्टर, ही दोन घरांची सोयरीक होती आणि ती बसली.

याचा कागदाला उपयोग असा की दोन जवळपास सारखी नावं समोर असतील तर गठ्ठ्यातलं घ्या. फॉर्म थोडा कमी असला तरी. मला याच्यावर तीन मार्क मिळालेत एका वर्षात.

चौदा नंबर

हा नंबर सगळे शेवटी, घाईत भरतात, आणि इथेच दोन्ही बाजूंचा विचार सगळ्यात जास्त उघडा पडतो.

बेंचवरून खेळणारी चार माणसं. चारही धिप्पाड फॉरवर्ड घेतले तर मधल्या फळीत ताजे पाय मिळतात, पण सेंटर किंवा विंगर जखमी झाला तर प्रॉपला, म्हणजे सगळ्यात जड फॉरवर्डला, तिथे उभं करायचं, म्हणजे लग्नात आचाऱ्याला सनई वाजवायला लावण्यासारखं. म्हणून एक जागा युटिलिटीला देतात, जो चार-पाच ठिकाणी खेळू शकतो, आणि तो बहुतेक चौदा नंबर.

क्वीन्सलँडची जुनी खेळी अफलातून होती. २०२२ पासून ते बेन हंटला नऊ नंबरला, म्हणजे हुकरला, सुरू करायचे, जो क्लबात हाफबॅक, आणि खरा हुकर हॅरी ग्रँट चौदा नंबर घालून बेंचवर. पहिली वीस-पंचवीस मिनिटं हंटने टॅकल करून पचवायची, समोरचे फॉरवर्ड दमले की ग्रँट येणार आणि पकडीनंतर जमिनीवरून बॉल उचलून त्या दमलेल्यांच्या मधून पळणार. हंट तरीही मैदान सोडायचा नाही, इकडेतिकडे कुठेतरी असायचाच, २०२२ च्या निर्णायक मॅचमध्ये शेवटी क्लिअरीची छोटी किक पकडून तो अख्खं मैदान पळत गेला तो क्षण सनकॉर्पवर, म्हणजे त्याच लँग पार्कवर, अजून लोक सांगतात. म्हणजे कागदावर नऊला ग्रँट लिहिणारे तेव्हा अर्धा मार्क गमवायचे. २०२५ ला हंट नव्हता, ग्रँट नऊला आला, आणि चौदाला पहिल्या मॅचला डिअर्डन बसला. आता मागे वळून बघितलं की कळतं, तो चौदा नंबर म्हणजे सात नंबरचं वेटिंग लिस्टचं तिकीट होतं, आणि ते कन्फर्म झालं.

निळ्यांचं साधं आहे. २०२५ ला रीस रॉबसन हुकर, चौदाला कॉनर वॉटसन, जो मधे लॉकला, हुकरला, कुठेही घुसतो आणि खेळाचा वेग वाढवतो. पण तो काही विंगर नाही. मागच्या फळीत कोणी पडलं तर निळे अडचणीत, हे उघड आहे. तुम्ही कोच असता तर काय केलं असतं हा वेगळा वाद, कागदावर मात्र निळ्यांचा चौदा ओळखणं सोपं आणि मरूनचा अवघड.

मागची फळी आणि ढगातला बॉल

एक, दोन, पाच. फुलबॅक आणि दोन विंगर.

निळे इथे कामगार निवडतात. एडवर्ड्स आणि टोओ यांचं काम म्हणजे समोरून किक आली की ती घ्यायची आणि तीन जणांच्या अंगावर जाऊन दहा-पंधरा मीटर कमवायचे, पुन्हा पुन्हा, न बोलता. टोओ तर असा गोळाबंद की त्याला पाडायला गेलेल्याचाच श्वास अडकतो. २०२५ ला झॅक लोमॅक्सचं काम होतं वर उडी मारून क्लिअरीची उंच किक झेलायची. मरून इथे वेग निवडतात. हमिसो टबुआई-फिडो, ज्याला सगळे हॅमर म्हणतात, २०२४ च्या पहिल्या मॅचला तीन ट्राय टाकून गेला, आणि कोट्सची उंची बघून लोमॅक्सलाही मान वर करावी लागायची. फुलबॅकला केलिन पोंगा की रीस वॉल्श हा मरूनचा कायमचा वाद, दोघेही एका क्षणात मॅच उघडतात, वॉल्श जास्त धोका पत्करतो. मी इथे नेहमी आदल्या मॅचचा फुलबॅक लिहितो आणि पुढे सरकतो. २०२४ ला शहाणपणा करून निळ्यांच्या टेडेस्कोच्या जागी एडवर्ड्स लिहिला होता, टीम आली, बरोबर निघाला, मी पँट्रीत दोन बिस्किटं जास्त खाल्ली, आणि मग कॅम्पमध्ये एडवर्ड्सचीच मांडी दुखावली आणि टेडेस्को परत! आमच्याकडे मार्क मॅचला उतरलेल्या टीमवर देतात, हे तेव्हा कळलं.

फॉरवर्ड लवकर उरकतो. निळ्यांकडे पेन हास, मरूनकडे टीनो फासुआमालेआवी, ही नावं डोळे मिटून. मरूनच्या बेंचवर आणि प्रॉपला मात्र एक धक्का ठेवून चाला, २०२५ च्या शेवटच्या मॅचला स्लेटरने ३३ वर्षांच्या जॉश पपालीला प्रातिनिधिक निवृत्तीतून उठवून आणलं, हे कोणाच्याच कागदावर नव्हतं.

किकर कोण हे कोणी विचारत नाही

सगळ्यात मोठी चूक ही. लोक सतरा नावं भरतात, कोण जिंकणार ते भरतात, आणि गोलला किक कोण मारणार हे बघतच नाहीत.

पर्थची मॅच आठवा, २०२५, दुसरी. हाफटाइमला क्वीन्सलँड २६-६ ने पुढे. मग निळे उठले, टोओने एकूण तीन ट्राय टाकले, दुसऱ्या हाफमध्ये क्वीन्सलँडला एकही पॉइंट नाही, आणि तरी २६-२४. निळ्यांचे ट्राय पाच, मरूनचे चार. फरक किकचा, तिकडे व्हॅलेंटाइन होम्सच्या पाच गेल्या, इकडे लोमॅक्सच्या पाचात दोन. त्याच्या आधी ब्रिस्बेनलाही निळ्यांच्या चार ट्रायवर एकच किक गेली होती, जिंकले म्हणून कोणी बोललं नाही.

आणि हे नुसतं लोमॅक्सचं दुर्दैव नाही. ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन किक मारायची असते. निळ्यांची खेळायची पद्धतच अशी की बॉल कडेला न्यायचा आणि टोओने झेंड्याजवळ कोपऱ्यात टेकवायचा, मग किकही कडेवरूनच येणार, जवळजवळ लाईनवर उभं राहून तिरपी. मरून मधून फोडतात, ग्रँटच्या पळण्यावर, मन्स्टरच्या मधेच सुचलेल्या उचापतीवर, मग किक जरा सोपी मिळते. म्हणजे निळ्यांना मरूनपेक्षा चांगला किकर हवा, आणि नेमकी उलटी परिस्थिती होती, कारण पर्थला क्लिअरीला जांघेचा त्रास होता. म्हणून निळे जिंकणार असं लिहिणार असाल तर किकर कोण ते आधी बघा, क्लिअरी किंवा मोझेस मारणार असेल तर फरकात चार पॉइंट निर्धास्त वाढवा.

मैदान आणि फरक

'ब्रिस्बेनला मॅच म्हणजे क्वीन्सलँड' हे वाक्यही फ्रिजवर चिकटवल्यासारखं सगळे म्हणतात. २०२३ पर्यंत ठीक होतं. पण २०२४ आणि २०२५ मध्ये सिडनी-ब्रिस्बेनला झालेल्या चारही मॅच पाहुण्यांनी जिंकल्या. सिडनीत क्वीन्सलँड, ब्रिस्बेनला न्यू साउथ वेल्स, परत ब्रिस्बेनला न्यू साउथ वेल्स, परत सिडनीत क्वीन्सलँड. त्यातली २०२४ ची तिसरी मॅच तर निळ्यांनी १४-४ ने नेली, मरूनना एक ट्राय मिळाला नाही, आणि ब्रिस्बेनला निर्णायक मॅच निळ्यांनी जिंकायला २००५ नंतर हा दिवस उजाडला होता. त्यामुळे घरच्या मैदानाला मी आता फार भाव देत नाही.

दुसऱ्या मॅचला मात्र एक गोष्ट चालते. २०१८ ते २०२५ च्या आठ सिरीजमध्ये पाच वेळा पहिली हरलेली टीम दुसरी जिंकली. वर सांगितलेल्या बदलांशी हे जुळतं. त्यामुळे दुसऱ्या मॅचच्या कागदावर पहिली हरलेल्याचं नाव टाकायला घाबरू नका, भले सगळं ऑफिस हसू दे.

फरक किती लिहायचा? २०२४ आणि २०२५ च्या सहा मॅचचे फरक असे: २८, २०, १०, १२, २, १२. अठ्ठावीसला बारा माणसांनी खेळायची वेळ आली होती म्हणून तो सोडा. मी दहा किंवा बारा लिहितो, शौर्य दाखवत नाही. ५०-६ सारखं २०२१ ला टाउन्सव्हिलला झालं होतं, पण त्याच्या आशेवर कागद भरणं म्हणजे एकदा लॉटरी लागली म्हणून नोकरी सोडण्यासारखं आहे.

मग तुम्ही कुठली बाजू धरायची

तुम्हाला मार्क हवे असतील तर निळ्यांची बाजू आधी भरा, ती सोपी आहे: पेनरिथचा गठ्ठा, क्लिअरी असेल तर सात, सहाला मोझेस जर पायावर उभा असेल तर, चौदाला आदल्या मॅचचाच. बारा-तेरा मार्क सहज. मरूनची बाजू वरून स्थिर दिसते आणि आतून हलते, तिथे नऊ आणि चौदा एकत्र विचार करून भरा, आणि एक जागा अशी सोडा जिथे तुम्ही मुद्दाम अनपेक्षित नाव टाकाल, कारण स्लेटर एखादं टाकतोच.

आणि कोण जिंकणार? निळ्यांचा प्लॅन समजावून सांगता येतो: मीटर कमवा, कोपऱ्यात किक, समोरच्याला त्याच्याच लाईनवरून चालत यायला लावा, चूक होईपर्यंत दाबून धरा. हवा चांगली असेल, क्लिअरी-मोझेस दोघे असतील तर हा प्लॅन चालतो. मरूनचा प्लॅन समजावून सांगता येत नाही, तो मन्स्टरला तेव्हा काय सुचेल तो असतो, आणि मॅच घासून चालली असेल, सात-आठ मिनिटं उरली असतील, तर मी माझा केक मरूनवर लावेन. २०२५ च्या शेवटच्या मॅचआधी काहीच दिवस मन्स्टरचे वडील गेले, तरी तो कॅप्टन म्हणून उतरला आणि सिडनीत जिंकून आला. रॉकहॅम्प्टनवाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला तेव्हा आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, पण त्याने नुसता स्कार्फ खुर्चीच्या पाठीवर घडी घालून ठेवला आणि कामाला लागला. आम्हीच त्याला केक नेऊन दिला.

मॅच बुधवारी रात्री आठनंतर, म्हणजे घरी पुण्या-मुंबईला फोन करायचा असेल तर तिकडे दुपारचे साडेतीन, आई झोपलेली असते, हाफटाइमला करू नका. आणि टीम क्लबचा राउंड संपला की रविवार-सोमवारकडे जाहीर होते, तोपर्यंत कागद फ्रिजवर. पेन यंदा सुतळीने बांधलंय कारण गेल्या वेळी ऐन चौदा नंबर भरायच्या वेळी कोणीतरी ते मीटिंगला घेऊन गेलं होतं.